बंगईला पॉलिश कोणतं? जुन्या सागाच्या फर्निचरबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूरकडच्या एका गावात धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर उतरवलं. त्याच्या सागाच्या कड्या (छताची आडवी लाकडं) आणि खांब चिरून एका भावाने स्वतःच्या हाताने बंगई (झोपाळा) आणि सहा माणसांचं जेवणाचं टेबल बनवलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येईल, तिच्याआधी बंगई टांगायची आहे, हातात सात आठवडे आहेत. दुकानदार म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) मारा, गावातले मिस्त्री म्हणतात स्पिरिट पॉलिशच खरं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत सगळे नुसतं तेल लावताना दिसतात. कोणाचं ऐकायचं?

भाऊ, तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकजण आपापल्या कामापुरतं बरोबर बोलतो. मी जळगाव जिल्ह्यात २९ वर्षं सुतारकाम आणि पॉलिशचं काम करतो. गिऱ्हाईक आलं की मी आधी चकाकीचं विचारत नाही. मी विचारतो, ओरखडा पडल्यावर त्याला हात कोण लावणार? पॉलिश कोणतंही असो, ते कधी तरी खराब होणारच. काही पॉलिशं घरच्या माणसाला चिंधीने दुरुस्त करता येतात आणि काहींसाठी अख्खा पृष्ठभाग घासून काढून पुन्हा कारागीर बोलवावा लागतो. तुम्ही वस्तू स्वतः बनवली आहे, म्हणजे हात तुमच्याकडे आहेतच. तुमच्यासाठी दुरुस्त होणारं पॉलिश चांगलं, हे मी आधीच सांगून टाकतो. कारणं आता सांगतो.

आधी मिस्त्रींचं स्पिरिट पॉलिश घेऊ. ते चपडा लाखेचं असतं. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर जी राळ सोडतो ती साफ करून पापुद्रे करतात, तोच चपडा. एक लिटर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम चपडा घालायचा, रात्रभर ठेवायचं, मधून मधून हलवायचं आणि सकाळी मलमलीतून गाळायचं. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या. लोखंडी डब्यात ठेवलंत तर पॉलिश काळपट होतं. काहीजण त्यात चंद्रस नावाची राळ घालतात. चकाकी आणि कडकपणा वाढतो, पण थर ठिसूळ होतो, म्हणून मी घालत नाही.

या कामातला सगळा जीव गोळ्यात असतो. मूठभर कापूस पॉलिशमध्ये भिजवून पिळायचा आणि जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडात असा बांधायचा की खालची बाजू अंड्यासारखी गोल राहील, एकही सुरकुती नाही. सुरकुती राहिली की तिची रेघ लाकडावर उमटते. गोळा तळहातावर दाबून बघा. ओल जाणवली पाहिजे, थेंब सुटता कामा नये. मग खालच्या बाजूला बोटाच्या टोकाने थोडंसं तेल लावायचं आणि विमान उतरतं तसा गोळा फळीवर चालता हात ठेवून टेकवायचा, छोटे छोटे गोल करत पुढे जायचं आणि फळीच्या बाहेर जाऊनच उचलायचा. मध्ये थांबलात तर गोळा तिथेच चिकटतो, खालचा थर उचलला जातो आणि खड्डा पडतो. बरोबर जमत असेल तर गोळ्यामागे वाफेसारखी धूसर रेघ धावते आणि दोन-तीन सेकंदांत विरून जाते. ती रेघ दिसली की समजायचं, स्पिरिट उडतंय आणि लाख बसतेय. आमच्या आबांनी मला पहिलं वर्षभर ही रेघ ओळखण्यापुरतंच काम दिलं होतं.

सागावर लाखेचा जो मधासारखा रंग चढतो तो दुसऱ्या कशाने येत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुरुस्तीही सोपी: नवा हात, म्हणजे नवा थर, जुन्या हातात विरघळून एक होतो, जोड दिसत नाही. पण दोन गोष्टी लाखेला सोसत नाहीत. एक ओली उष्णता. चहाचा गरम पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं. दुसरा सोडा, साबणाचं पाणी आणि स्पिरिटचा सांडलेला थेंब. यांनी लाख सुटते. आणि आपल्याकडे तिसरी गोष्ट धरावीच लागते, ती म्हणजे वैशाखातली दुपार. पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याखालचा किंवा पश्चिमेचा ओटा भट्टीसारखा तापतो, अशा वेळी लाखेवर घामाघूम माणूस तासभर बसला की धोतर-पातळाच्या विणीचा ठसा उमटतो. बंगईची बैठक म्हणजे माणसाच्या अंगाला सतत लागणारी जागा. तिथे लाख नको. बंगईच्या पाठीला, हातांना, टेबलाच्या पायांना जरूर द्या.

लाख घेताना आणखी दोन गोष्टी बघा. विरघळवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नका. ती दिसायला चांगली दिसते, पण सुकल्यावर कडक होत नाही. शंका असेल तर काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नख लावा, नखाला चिकटलं तर ओतून द्या. आणि स्पिरिटमध्ये पाणी मिसळलेलं असेल तर पॉलिश पांढरं पडतं. अंगणात, सगळ्यापासून लांब, चमचाभर स्पिरिट पेटवून बघा. विझल्यावर तळाशी बरंच पाणी उरलं तर ते दुकानदाराला परत करा.

आता तेल. खेड्यात दाराला, चौकटीला गोडंतेल चोळतात, मी लहानपणापासून बघतोय. प्रेमाने करतात, पण शेंगदाण्याचं तेल सुकत नाही. खोबरेल, एरंडेलही सुकत नाही. ते लाकडात ओलंच राहतं, धूळ धरतं, दोन उन्हाळ्यांत काळं आणि चिकट होतं, खवट वासही येतो. लाकडासाठी सुकणारं तेल लागतं, आणि आपल्या ओळखीतलं ते म्हणजे जवसाचं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. कच्चं तेल सुकायला आठवडे लागतात. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून जे मिळतं ते जवसाचंच, पण त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. म्हणून बेलतेल काठवटीला, पोळपाटाला किंवा भरीत ठेचायच्या लाकडी भांड्याला लावू नका. त्यांना घाण्याचं साधं जवसाचं तेल अगदी पातळ लावून महिनाभर हवेत ठेवा, किंवा काहीच लावू नका, नुसतं धुऊन सावलीत वाळवा.

तेलाबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं. फळीवर ती उडून जाते. पण तेलाची चिंधी चुरगाळून टाकली तर आतल्या आत साठत जाते. अनेक वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही एका वाड्याच्या दारांना बेलतेल दिलं आणि चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात, रंध्याच्या सालीशेजारी टाकला. संध्याकाळी हत्यारं आवरताना करपलेल्या फोडणीसारखा वास आला. बोळा उचलला तर बाहेरून कोमट होता. उलगडत गेलो तसा आतला कपडा आधी पिवळा, मग तपकिरी, आणि गाभ्याला हात लावताच पोळला. धूर तोवर सुटला नव्हता. आणखी तासाभराने काय झालं असतं, हा विचार अजूनही अंगावर काटा आणतो. तेव्हापासून तेलाची प्रत्येक चिंधी मी दोरीवर एकेक पसरून वाळवतो किंवा पाण्याच्या बादलीत बुडवतो. तुम्हीही हेच करा, लहान चिंधीलाही सूट देऊ नका.

नुसत्या तेलाने सागाला रूप चांगलं येतं, पण संरक्षण फार थोडं मिळतं. हळद, लोणच्याचं तेल, केळीचा चीक आरपार जातात. तुमच्याकडे केळीबाग असेल तर चिकाचं वेगळं सांगायला नको. कपड्यावरचा जात नाही, तो उघड्या लाकडावरचा कुठून जाणार?

दुकानदाराचं पीयू म्हणजे दोन डब्यांचं पॉलिश, एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. पाणी, उष्णता, हळद, सगळं सोसतं. जेवणाच्या टेबलाच्या फळ्यासाठी याच्या तोडीचं काही नाही, हे मान्यच. पण त्याचे नियम कडक आहेत. डब्यावर लिहिलेलं प्रमाण मोजूनच घ्यायचं, अंदाजाने नाही. कालवलेला माल काही तासांत घट्ट होतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. हार्डनरला पाणी लागलं की बुडबुडे येतात, म्हणून ओली फळी, पाण्याचा थेंब असलेला कॉम्प्रेसर, पावसाळी दमट दिवस वर्ज्य. आणि त्या हार्डनरचा फवारा फुप्फुसाला फार वाईट. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. वायू गाळणाऱ्या काडतुसांचा मास्क नसेल तर फवारणी करू नका.

माझीच चूक सांगतो. एका लग्नघरासाठी टेबल द्यायचं होतं, घाई होती, मी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पीयू फवारलं. वरचा थर बसायच्या आधीच सुकला, आतलं थिनर बाहेर यायला धडपडत राहिलं, आणि संपूर्ण फळ्यावर मोहरीच्या दाण्याहून बारीक टोचे पडले. चार दिवस घासून मला तो फळा पुन्हा कोऱ्या लाकडापर्यंत आणावा लागला. पीयूवर नवा हात जुन्यात विरघळत नाही, त्यामुळे मधलाच तुकडा दुरुस्त करायचा म्हटला तर कडा दिसते. उन्हाळ्यात मी आता पॉलिशचं सगळं काम सकाळी साडेसहा ते दहा करतो, नंतर फक्त पेपर (सँडपेपर) मारणं आणि जोडकाम.

मेलामाइन पॉलिशही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. स्वस्त आहे, कडक होतं, पण त्यातून डोळे चुरचुरवणारा वायू बरेच दिवस सुटतो. बंद खोलीत झोपणाऱ्या लहान मुलांच्या घरी मी ते टाळतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पटकन सुकतं, एवढाच त्याचा गुण. रोजच्या वापराच्या टेबलावर ते टिकत नाही.

आता लाकूड. तुमचं काम इथे अर्धं अडलं आहे आणि प्रश्नात तुम्ही याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. धाब्याच्या कड्यांवर पन्नास-साठ वर्षांचा चुलीचा धूर आणि तेलकट काजळी बसलेली असते. रंधा मारून नवं लाकूड वर आलं असेल तर ठीक, पण कोपऱ्यात, सांध्यात राहिली असेल तर तिथे कोणतंच पॉलिश धरणार नाही. थिनरच्या चिंधीने पुसत राहा, चिंधीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. खांबांना जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. रंग काढायचं रसायन लावून, तो मऊ पडला की पत्रीने खरवडा, खाली कागद अंथरा आणि मुलांना लांब ठेवा.

जुने खिळे निघाले तिथे भोकाभोवती निळसर काळी कडी दिसतील. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट अंश, आणि लोखंड यांचा तो डाग. बाभळीत तर हे फारच होतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने तो जातो: हातमोजे घालून, कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून लावायचं, आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून दोन दिवस वाळवायचं. विष आहे, डबा कुलपात ठेवा. पण मला विचाराल तर ते डाग राहू द्या. ज्या खिळ्याला आजीने कंदील टांगला त्याची ती खूण आहे. भोकं मात्र भरा. त्यासाठी फेविकॉलमध्ये कालवलेला भुसा नको, त्यावर पॉलिश चढत नाही आणि तेवढाच ठिपका फिकट दिसतो. त्याच लाकडाचा बारीक भुसा दाट लाखेत कालवून लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, करा. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉलही पटाशीने काढा, नुसता पेपर मारून तो लाकडात आणखी दाबला जातो.

पेपर ८०, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. मधला नंबर गाळू नका आणि नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारा. १८० झाला की ओल्या फडक्याने फळी पुसा. दबलेले तंतू उभे राहतील. वाळल्यावर २२० मारा. फळीच्या टोकांना, जिथे रेषा तुटते, तिथे एक नंबर जास्त बारीक मारा, नाहीतर टोकं जास्त पॉलिश पिऊन काळी दिसतील. रात्री टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. दिवसा न दिसलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकून समोर येतो. सागाचं लाकूड तेलकट असतं, म्हणून पहिला हात देण्याच्या अर्धा तास आधी थिनरने किंवा स्पिरिटने एकदा पुसा. हे न केल्याने सागावरचं वार्निश सुकत नाही किंवा सहा महिन्यांत सोलतं, आणि दोष डब्याला दिला जातो.

टेबलाच्या फळ्याबद्दल एक हिशोब. हवा २० टक्के आर्द्रतेवर आली की लाकडातला ओलावा हळूहळू ४-५ टक्क्यांकडे सरकतो, ८० टक्क्यांच्या श्रावणात १५-१६ टक्क्यांकडे. जाड फळी तिथवर पोचत नाही, तरी ५-६ टक्क्यांचा फरक धरावा. सागाची फळी त्यात रुंदीला मीटरमागे साधारण १ सेंटीमीटरपर्यंत फुगते-आटते. तुमचं टेबल ९० सेंटीमीटर रुंद असेल तर ८-९ मिलिमीटर. पॉलिश हे थांबवत नाही, फक्त सावकाश करतं. म्हणून फळ्याच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. वरून पीयू आणि खालून कोरं ठेवलं तर पहिल्याच पावसाळ्यात फळा परातीसारखा वाकतो. आणि चौकटीला तो स्क्रूने आवळला असेल तर स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, नाहीतर लाकूड स्वतःला जागा करून घेईल, म्हणजे तडकेल.

तर तुमच्यासाठी माझं सांगणं असं. टेबलाच्या फळ्याला पीयू, मॅट किंवा सेमी ग्लॉस, आणि फवारणी जमत नसेल तर तेवढंच काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही. बंगईच्या बैठकीला घरी करता येईल असं मिश्रण: एक भाग चांगलं पीयू वार्निश, म्हणजे एकाच डब्याचं, एक भाग टर्पेंटाईन, एक भाग बेलतेल. चिंधीने सढळ लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, ओलं दिसणारं सगळं पुसून काढा. पुसायचं राहिलं तर चिकट डाग पडतात, उन्हाळ्यात दहा मिनिटांतच बघा. एका दिवसाला एक हात, असे पाच. दोन हातांच्या मध्ये ३२० चा पेपर हलकाच फिरवा. या मिश्रणाचा जाड थर वर बसत नाही, म्हणून सोलायला काही नसतं. दोन-तीन वर्षांनी बैठक कोरडी वाटली की एका सकाळी पुसून नवा हात द्या, बस्स. पाठीला आणि हातांना लाख.

एक करा, खऱ्या वस्तूच्या आधी त्याच कडीच्या तुकड्यावर सगळं करून बघा. पेपरपासून शेवटच्या हातापर्यंत, काही न गाळता. आठवड्याने त्यावर गरम चहाचा पेला, हळदीच्या तेलाचा थेंब, लिंबाची फोड आणि केळीच्या देठाचा चीक रात्रभर ठेवा. सकाळी जे दिसेल ते मी, दुकानदार आणि मिस्त्री यांच्यापेक्षा खरं.

सात आठवडे पुरतात. दोन आठवडे सफाई आणि पेपर, एक नमुन्याच्या तुकड्याला, दोन पॉलिशला. उरलेले दोन आठवडे काहीच करायचं नाही, थर पक्का होऊ द्यायचा. दुपारचं वारं सुटायच्या आत काम आवरा, आणि सुरू करण्याआधी तासभर जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा. पितळी कड्यांची भोकं आधीच पाडून घ्या आणि प्रत्येक हातात भोकाच्या आतही काडीला गुंडाळलेल्या चिंधीने मिश्रण लावा. पाणी तिथूनच आत शिरतं आणि फळी तिथूनच फुटते. कड्या शेवटी बसवा, बैठकीखाली हात फिरवून कुठे चिकट लागत नाही ना ते बघा, आणि गादी मात्र आखाजीच्या दिवशीच टाका.